पॉलियुरेथेनचा नमस्कार

मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय जगणारा एकच माणूस मी पाहिला, आणि ते माझे साडू. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत, पण त्यांचा खरा संसार पॉलियुरेथेन नावाच्या रबरासारख्या पदार्थाशी होता. त्याची कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ पट्टी करायची, दोन्ही अंगांना वीज वाहून नेणारा लेप द्यायचा आणि भरपूर व्होल्ट जोडायचे. पट्टी हळूच वाकते. वीज काढली की सरळ होते. बस, एवढंच. "मोटर नाही, चाक नाही, आवाज नाही भाऊ," ते मला सांगत, "नुसती वीज दिली अन् पोरगी नमस्कार करून राहिली!" इतवारीत कपडे घ्यायला गेले की ते आधी प्रत्येक चड्डीचं इलास्टिक ताणून सोडत आणि ते किती वेळात मूळपदावर येतं ते निरखत. शेवटी दुकानदार म्हणाला, "साहेब, चड्डी घ्याची हाये का तिची परीक्षा?"

या पट्टीचं दमट हवेशी वैर. ओल शोषली की वीज आतून झिरपायची आणि पट्टीला भोक पडायचं. म्हणून प्रयोगशाळेत ओली हवा फेकणारा कूलर नाही, आणि सुटीत पट्ट्या घरी येत म्हणून घरीही नाही. मेहुणीने माहेरून आलेल्या कूलरमध्ये कांदे भरून ठेवले होते. ओल्या केसांच्या पाहुण्यांना व्हरांड्यातच बसवत.

मग संस्थेच्या अध्यक्षांना साडूंच्या प्रयोगशाळेच्या जागी पाहुण्यांची बैठक करावीशी वाटली. "काय ते एकदा दाखवा, मग ठरवू," असा निरोप आला. खोली गेली की साडूंचं काम संपलं, हे सगळ्यांना कळत होतं. ऐन मे महिन्यात प्रयोगशाळेतच शाल, नारळ, भाषण असा थाट मांडला गेला; आम्ही घरचेही मागच्या बाकांवर होतो. अध्यक्षांसाठी खास कूलर ढकलत आणला. साडूंनी तो बंद केला आणि खिडक्याही लावून घेतल्या.

"काहून बंद केला जी?"

"तिले ओल सहन होत नाही साहेब."

"अन् मले गरमी?"

"आपण टिकाऊ आहात."

भाषण आपोआप आटोपलं. साडूंनी वीज जोडली. क्षणभर काहीच झालं नाही. मग पट्टी अदबीने वाकली. नेमके त्याच वेळी अध्यक्ष मानेवरचा घाम सत्काराच्या शालीने पुसायला खाली वाकले. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि अध्यक्षांना त्याचा पत्ताही लागला नाही. मागून मेहुणी ओरडली, "वाकली वं माय, वाकली!" अध्यक्ष धापा टाकत उठले. "राहू द्या सर, खोली तुमच्यापाशीच राहू द्या. इथं पाहुणा बसवला तर त्याले धंतोलीच्या दवाखान्यातच न्या लागन."

आपल्या पट्टीने खोली वाचवली, असं साडूंना आजही वाटतं. मीही कधी वाद घातला नाही.

यंदा ते निवृत्त झाले. त्या खोलीत आता सोफे आहेत. परवा आम्ही नवराबायको त्यांच्याकडे गेलो, तर कांदे टोपलीत आणि कूलर जोरात सुरू. साडू त्याच्यासमोर विरळ केस उडवत बसले होते. कोपऱ्यात, एका बंद डब्यात, शेवटची पट्टी. मेहुणी उठली आणि तिनेच कूलर बंद केला.

"दाखवा ना भाऊजीले एकदा," ती म्हणाली.

खोली सुकेपर्यंत आम्ही घामाने भिजलो. मग त्यांनी तारा जोडल्या. पट्टी जुनी झाली होती. वाकली की नाही, खात्रीने सांगता येणार नाही. ती पाहायला आम्ही चौघंही मात्र वाकलो होतो.