कड्यावरची घोषणा

माझी आत्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. काचेला पाडलेल्या वाटोळ्या भोकातून लोक विचारतात आणि ती सांगते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठे उतरायचं, कुठे वळायचं. समोर माइक, ड्रॉवरमध्ये खडीसाखर, खुर्चीवर घरून नेलेली उशी. सगळं स्थानक तिला चौकशीबाई म्हणतं.

नदीच्या वळणावरच्या त्या कड्याची वाट तिने किती जणांना सांगितली असेल, गणतीच नाही. "शेवटच्या थांब्यावर उतरा, पाण्याच्या टाकीशी डावीकडे वळा, पुढे नाकासमोर चाला." स्वतः मात्र ती तिकडे कधी फिरकली नव्हती. एका रविवारी आमच्याकडे आली असताना आईने सहज विचारलं, "वन्सं, तिथून दिसतं तरी काय हो?"

आमच्या आत्याला उत्तर आलं नाही, हे घरात प्रथमच घडत होतं.

"वहिनी, चप्पल घाल," ती म्हणाली. "आत्ता जाऊन बघू."

कुकर लावायचं काम बाबांवर टाकून दोघी निघाल्या. शेवटच्या थांब्यावर उतरल्या, टाकीशी डावीकडे वळल्या आणि नाकासमोर चालत राहिल्या. नाकासमोर आधी कोंबड्यांची शेड आली, मग भंगार गाड्यांचं मैदान आणि मग एक लांबच लांब भिंत. वाट तिथे संपलीच. भिंतीच्या फाटकाला एक रंगारी हिरवा रंग देत होता.

"दादा, कडा कुठे हो?" आईने विचारलं.

रंगाऱ्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "तुम्हालाही त्या चौकशीवालीनेच पाठवलं ना? मी इथेच राहतो, दर रविवारी कुणी ना कुणी भरकटत येतं इथे. टाकी डाव्या हाताला ठेवून उजवीकडे वळायचं असतं. ही बाई डावीकडे वळवते! आवाज मात्र गोड आहे म्हणतात."

"गोड आहे म्हणतात?" आत्या खुलली. "आणखी काय म्हणतात?"

बस्स. आईचा बांध फुटला. ती फाटकाला टेकून हसायला लागली आणि तिच्या पाठीवर फाटकाच्या गजांचे हिरवे पट्टे उमटले. ते पाहून आत्या हसत हसत मटकन खालीच बसली. रंगारी आळीपाळीने दोघींकडे बघत राहिला. "उन्हाने होतं असं कधीकधी," तो समजुतीने म्हणाला. मग त्याने भिंतीच्या कडेचा ओढा दाखवला. "आता आलाच आहात तर काठाने वर चढा. मागच्या अंगाने निघाल कुठेतरी."

ओढ्याचा काठ घसरडा होता. आई आत्याला ढकलत होती, आत्या आईला ओढत होती आणि हसण्यामुळे दोघींच्या अंगात काडीचं बळ उरलं नव्हतं. "हसवू नका हो वन्सं, पडेन मी!" म्हणता म्हणता आई पडली. शेवटी एका झुडपाखालून रांगत दोघी पलीकडे निघाल्या आणि तशाच, चार पायांवर, थबकल्या.

पुढे जमीनच नव्हती. खूप खाली नदी आळसावलेल्या मांजरासारखी अंग वळवून पडली होती. पलीकडे आपलं अख्खं गाव, कुणीतरी मूठभर शेंगदाणे सांडावेत तसं. वाऱ्याने दोघींचे केस उभे केले. दरीच्या समोरच्या काठावर लोखंडी कठडा होता आणि त्याला चिकटून माणसांची ही गर्दी. तोच खरा कडा. या दोघी भलतीकडेच उगवल्या होत्या, आणि कठड्यावरचे लोक आता नदी सोडून यांच्याकडेच बोटं दाखवत होते.

आत्या उठली. कपडे झटकले, घसा साफ केला, पदर सारखा केला.

"लक्ष द्या!" तिने माइकशिवाय आवाज लावला. "समोरच्या कठड्यावरील प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! आपण चुकीच्या फलाटावर उभे आहात!"

'आहात... आहात...' दरी म्हणाली. मग समोरून टाळ्या, शिट्ट्या, हात हलले. कुणीतरी ओरडलं, "पुढची गाडी किती वाजताऽऽ?"

"गाडी रद्द झाली आहे! होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्हाला खेद नाही!"

मग प्रश्नांची झोडच उठली. आत्या ऊन उतरेपर्यंत घोषणा देत होती आणि आई गवतात लोळत होती. तिच्या हसण्याला आवाज उरला नव्हता, नुसते खांदे हलत होते.

दोघी घरी आल्या तेव्हा कुकर निवून गेला होता. बाबांनी दार उघडलं. चिखल, काटे, पाठीवर हिरवे पट्टे.

"कुठे होतात?"

आत्याने तोंड उघडलं तर आवाजच नाही! पार बसला होता. ती हातवारे करून नदी दाखवू लागली आणि आई अर्थ सांगू लागली, तोही चुकीचा. आत्याने तिला चापट मारली. दोघींना पुन्हा हसू फुटलं. काही कळलं नसताना बाबाही हसू लागले.

"पुढच्या वेळी मलाही न्या," ते डोळे पुसत म्हणाले.

आत्याने मान डोलावली, पण आई ठाम होती. "यांना नको हं, वन्सं. हे सारखं घड्याळ बघतात."