सेनापतींनी खोली सोडली

माझ्या धाकट्या दिरांना बाहेरचं जग सेनापती म्हणतं. घरात झुरळ निघालं की हेच सेनापती खुर्चीवर चढतात आणि मला हाक मारतात.

त्यांचा धंदा असा: संगणकावर लढाईचा खेळ खेळायचा, आणि खेळताना आपलं तोंड कॅमेऱ्यात दाखवायचं. लोक ते आपापल्या घरी बसून थेट बघतात, खुशीत आले तर पैसे पाठवतात. पैसे आले की घंटी वाजते, आणि सेनापती पाठवणाऱ्याचं नाव घेऊन असे गहिवरतात, जसं काही त्याने मूत्रपिंडच दिलंय. कमावत नाहीत असं मी म्हणणार नाही. चष्म्याच्या दुकानातल्या जुन्या नोकरीपेक्षा बरंच कमावतात. पण तिथे निदान चार माणसांना नीट दिसायला लागायचं.

या धंद्यात गप्प बसणं म्हणजे पाप. खेळात काही घडो न घडो, तोंडाचा पट्टा चालू हवा. एकदा "मेलो, मेलो, वाचवा!" असं ओरडले, तर शेजारचा सुतार हातातला रंधा घेऊन धावत आला. आत बघतो तर हे पाय पसरून बिस्किट खातायत.

तर अशात सासूबाई घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "जिना अजिबात नाही." आमच्या घरात खाली एकच खोली, शेजारी न्हाणीघर असलेली. ती सेनापतींची. भिंतींना आवाज शोषणारा काळा स्पंज डकवलेला, मागे हिरवा पडदा, तोंडासमोर थाळीएवढा गोल दिवा.

मी सरळ बोलले. "भाऊजी, परवा आई येतायत. तुम्ही वर या."

"वहिनी, तुम्हाला नाही कळायचं. वर सुताराच्या मशीनचा आवाज येतो. दोन दिवस बंद ठेवलं तरी लोक दुसऱ्याकडे जातात."

"आणि आईंनी कुठे जायचं?"

"एखादं नर्सिंग होम बघू ना. तिथे सोय चांगली असते."

आमचे हे म्हणाले, "अरे, तुझी आई आहे ती."

"दादा, चॅनेलही माझंच आहे," सेनापती म्हणाले.

पालथ्या घड्यावर पाणी! मी देवासमोर बसले आणि म्हटलं, आता तूच बघ बाबा.

सेनापतींची एक रीत आहे. शर्ट कुठला घालू, दाढी ठेवू की काढू, सगळं प्रेक्षकांना विचारतात. पडद्यावर दोन चौकटी येतात, लोक बोट दाबून कौल देतात. आणि एकदा कौल मागितला की तो पाळायचा, नाहीतर लोक खवळतात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन गेले, तर ऐन लढाईत सेनापती रडवेल्या आवाजात सांगत होते, "मित्रांनो, घरचे मला गडाबाहेर काढतायत. आईचा पाय मोडलाय, तिला न्हाणीघराशेजारची म्हणून हीच खोली हवीय. सांगा, सेनापतीने गड सोडावा?"

त्यांना वाटलं, लोक आपल्या बाजूने छाती पिटतील. दहातल्या नऊ जणांनी "सोडावा" दाबलं. खाली मजकूर धावू लागले. मला चष्म्याशिवायही वाचता आले. "लाज वाटते का?" "आधी आईला आण." एकाने लिहिलं, "गड कसला रे, न्हाणीघराशेजारची खोली ती."

सेनापतींचा जबडा खाली आला. मग डोळे पुसून म्हणाले, "मला हेच ऐकायचं होतं! आईसाठी सेनापती काहीही सोडेल!"

घंट्याच घंट्या वाजल्या.

मी चहा परत घेऊन आले. सख्ख्या भावाचं ऐकलं नाही, माझं ऐकलं नाही. ज्यांची तोंडं कधी पाहिली नाहीत त्यांचं ऐकलं. पण देव कुणाच्या बोटाने काम करून घेईल हे आपण कोण ठरवणार?

सासूबाई आल्या. ह्यांनी आणि सुताराने त्यांना खुर्चीसकट उचलून आत आणलं. सेनापती पुढे उलटे चालत, हातात मोबाइल. उचलायला हात नव्हता, दाखवायला होता.

"आई, हात हलव ना! सगळे बघतायत. यांच्यामुळेच तुला खोली मिळाली."

सासूबाई पलंगावर टेकल्या, श्वास घेतला. मोबाइलकडे बघून दोन्ही हात जोडले. "बाळांनो, देव तुमचं भलं करो. तुमच्या आयांनी तुम्हाला चांगलं वळण लावलं. माझंच कुठेतरी चुकलं." मग मला म्हणाल्या, "सूनबाई, याला बाहेर घे आणि दार ओढ."

मी दार ओढलं. मला वाटलं, आता तरी मान खाली जाईल. सेनापती बोळात मोबाइलमध्ये डोकं खुपसून उभे होते. चेहरा फुललेला.

"वहिनी," ते म्हणाले, "इतके लोक कधीच आले नव्हते. आई उद्या पुन्हा असं बोलेल का?"