तीन कुंड्यांना एक रोप

आमच्या सार्सेरो गावात म्हाताऱ्या दोन्या एदिताच्या फाटकातून रिकाम्या हातानं कोणी आत गेलं नाही, आणि बाहेर पडताना हात तपासून घेतल्याशिवाय कोणी सुटलंही नाही. नर्सरीच्या वापरलेल्या तीन कुंड्या आणा, एक रोप न्या, असा तिचा नियम. पाच आणल्या तर वर चिमूटभर बी. पण आधी ती प्रत्येक कुंडी उन्हाकडे धरून चीर बघणार, मग आत बोट फिरवून हुंगणार. नाक मुरडलं की कुंडी परत. घेतलेल्या कुंडीच्या बुडाशी ती तापल्या खिळ्यानं खूण करायची, म्हणजे ती कुठे फिरते ते कळावं.

संशय अगदीच हवेतला नव्हता. आमच्याकडच्या बायका पक्कं धरून चालतात की मागून आणलेली फांदी कुढत बसते आणि चोरलेली लगेच मूळ धरते. त्यामुळे भल्या घरच्या बायकांच्या पर्समध्येही फांद्या सापडतात. मी तरी कुठे कमी होते? तिनं दिलेली कोथिंबीर दोनदा उगवली नाही, तेव्हा मी गावभर केलं की म्हातारी नावडत्या माणसाला बी तव्यावर भाजून देते.

तिच्या पडवीतला तांबड्या पानांचा बेगोनिया मात्र कितीही कुंड्यांना मिळत नसे. तो तिच्या ओदिलीनं लावलेला, आणि ओदिली एकोणिसाव्या वर्षी तापानं गेली. लेकीच्या हातचं एवढंच उरलं होतं. मी एकदा त्याच्यासाठी बारा कुंड्या नेल्या.

“मिना, डोळे खाली ठेव,” ती म्हणाली.

मला राग आला. त्याच रागात जाताना मी एक फांदी खुडून एप्रनच्या खिशात टाकली. ती अशी फोफावली की काही विचारू नका. पण खुडल्याच्या दुसऱ्याच दिवशी म्हातारीनं मोडलेलं देठ पाहिलं आणि थेट माझं नाव घेतलं. मी आईची शपथ घेतली. पुढची अकरा वर्षं ती मला चोर म्हणत राहिली आणि मी तोंड वर करून नाही म्हणत राहिले. ती आमच्याकडे आली की तिची नजर अंगणभर फिरायची. माझा बेगोनिया तेव्हा धुण्याच्या टाकीमागे, गोणपाटाखाली असायचा.

यंदा पाऊस थांबेचना. म्हातारीचा बेगोनिया मुळातून कुजला.

ती घरोघर विचारत फिरली, कोणी कधी फांदी चोरली होती का. बायकांना वाटलं, सापळा आहे. सगळ्यांनी हात वर केले. खरंच तिच्या धाकानं दुसऱ्या कोणी चोरलीही नव्हती. शेवटी माझ्या फाटकाशी ‘ऊपे’ अशी हाक आली. म्हातारीच्या हातात तीन घासलेल्या कुंड्या होत्या. मलाही सापळाच वाटला.

“मिना, अकरा वर्षं मी तुला चोर म्हणतेय.”

“म्हणताय खरं.”

“आज ते खरं निघू दे गं.”

तिचा आवाज इतका पडलेला मी कधी ऐकला नव्हता. मला माझीच लाज वाटली. मी गोणपाट काढलं आणि झाड तिच्यासमोर आणून ठेवलं. एक पान उलटून तिनं त्याची तांबडी बाजू नुसती पाहिली. मी घाईघाईनं फांदी मोडायला गेले, तर तिनं माझं मनगट धरलं.

“तू देऊ नकोस. दिलेली धरायची नाही. आत जा, कॉफी टाक.”

मी आत गेले. कापडी गाळणीतून कॉफी मुद्दाम थेंबथेंब गाळली, पाठ खिडकीकडे करून. फाटक वाजलं तरी वळले नाही. दोन कप घेऊन बाहेर आले तेव्हा अंगणात कोणी नव्हतं. झाडाची एक फांदी गेली होती आणि भिंतीशी तीन कुंड्या मांडून ठेवल्या होत्या.

मी एकेक उचलून उन्हाकडे धरली. एकीलाही चीर नव्हती.