पावभर मेण

मॅडम गेल्याचं शिपायानं येऊन सांगितलं, तेव्हा माझ्यासमोर कापायला घेतलेला ब्लॉक होता. हातातलं काम मी टाकलं नाही. अर्धवट टाकलं असतं तर त्यांनीच झापलं असतं... रडलो नंतर, सायकल स्टँडवर.

डॉ. सुलभा मेश्राम नागपुरातल्या आमच्या दवाखान्यात पॅथॉलॉजिस्ट होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली तंत्रज्ञ. पेशंटचा तुकडा मेणात बसवायचा, म्हणजे झाला ब्लॉक. त्याचे पातळ काप करून काचेवर घ्यायचे, की मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रोग सांगत. मेणाची कायम टंचाई, म्हणून जुने ब्लॉक वितळवून, आतला तुकडा फेकून, तेच मेण पुन्हा वापरायची आमची रीत. ती मला हुशारी वाटायची.

ऐंशीनंतर कधीतरी परदेशी नियतकालिकातला एक लेख घेऊन मॅडम लगबगीनं आल्या. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशीत एक जनुक बिघडलेलं सापडलं होतं. मला काही कळेना. त्या म्हणाल्या, "घरातला लाइट गेला तर बल्ब गेला का फ्यूज, हे पाहतो ना गा? इथं आपण सगळ्यायले एकच औषध देऊन राहिलो. उद्या ज्याचा जसा बिघाड, त्याले तसं औषध निघंन." मग त्यांनी पारशिवनीच्या एका मास्तरांचा ब्लॉक मागितला. आयुष्यात विडीला न शिवलेला माणूस फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेला होता. त्याचा बिघाड कधीतरी तपासता यावा, म्हणून तो ब्लॉक त्यांना जपायचा होता.

तो मी महिनाभरापूर्वीच वितळवला होता.

"मेण किती निघालं?"

"पावभर. आणखी चार-पाच ब्लॉक होते त्यात."

"पावभर मेणासाठी माणसं वितळवली गा तू," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून एकही ब्लॉक वितळला नाही.

गेल्या वर्षी त्यांनाच खोकला लागला. त्यांनीही कधी विडी-सिगारेट ओढली नव्हती. त्यांच्या फुप्फुसातल्या तुकड्याचे काप मीच केले. काच त्यांनी स्वतः पाहिली, निदान स्वतःच्या हातानं लिहिलं. मला म्हणाल्या, "यातला बिघाड आज कोणाले वाचता येत नाही. पण वाचता येईन, वानखडे. माह्यासाठी नाही, पण येईन. कोणी मागाले आलं, तर माहा ब्लॉक काढून देजो." आवाजात कंप नव्हता. मला त्यांचा राग आला होता, इतक्या शांतपणे कसं बोलवतं म्हणून. आता मात्र माझाही त्यावर पक्का विश्वास बसला आहे.

त्यांच्या जागी आलेल्या साहेबांना ब्लॉकचं कपाट मोकळं हवं आहे. मेण पुन्हा संपलंय, जुने ब्लॉक वितळवा म्हणतात. मी हो म्हणत नाही, हलतही नाही.

काल नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. या दिवसांत मेण मऊ पडू नये म्हणून मॅडम खोलीतला एकुलता कूलर कपाटाकडे वळवत आणि स्वतः पदरानं वारा घेत बसत. आम्ही मागे कुरकुरायचो. काल मीच तो वळवला. साहेबांनी मान पुसत विचारलं, "अहो, इथं माणसं उकडून राहिली, अन् कूलर कपाटाले काहून?"

"आत पेशंट हायेत, साहेब," मी म्हटलं. "मॅडमही हायेत."