दाईचं नाव

वडील मरेपर्यंत आपल्या माणसांबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. म्हणून सत्तरीची ऑर्तेन्सिया त्यांचं मूळ शोधत डोंगरातल्या या तिसऱ्या गावच्या कचेरीत आली होती. कारकून रोक्कोने वडिलांच्या जन्मसालाची, १९१० ची जन्मनोंदवही उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"वाच की बाळा."

"आजी, आईबापाचं नावच नाही. बाळ चर्चच्या पायरीवर सापडलं, दाईने आणून नोंदवलं. आडनावसुद्धा कचेरीनेच ठेवलंय. याच्यामागे कागद नाही."



"मग मी कुणाची रे?"

रोक्को वही मिटू लागला.

"त्या दाईचं नाव तरी दे."

'विन्चेन्झा लोपार्दो' लिहिलेली चिठ्ठी घेऊन ती दाईची कबर शोधायला दफनभूमीत गेली. उन्हं कलेपर्यंत तिने कबरींवरचा एकेक दगड वाचला. ते नाव कुठेच नव्हतं.