आमच्या मांडवावरची गिलकी

आता तुम्ही म्हणाल, परसात चार गिलकी, म्हणजे घोसाळी, लावायला काय मोठी अक्कल लागते? अहो, तीच तर गंमत! ती माझ्याकडे आहे असं मला वाटत होतं.

मी शहाद्यात कारकून. सासर ब्राह्मणपुरीचं, पिढीजात शेतकरी. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायकोला माहेरी सोडायला गेलो, तर भर पंगतीत आबा म्हणाले, "आमना जवाईले फाइली समजतस, पीक नही समजत!"

सगळे खो खो हसले. आमची माधुरी सगळ्यात जोरात!

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आबा, परसात गिलकी काढून दाखवतो."

"दाखाडा! गिलकं मन्हा ताटमा पडनं, की भर पंगतमा तुमले शेतकरी म्हनसू!"

झालं! इज्जतीचा सवाल. माधुरी माहेरीच राहिली, मी एकटा परत निघालो. सासूबाईंनी दोन पुड्या दिल्या. एकीत पेरायला गिलक्याचं बी, दुसरीत वाटेत खायला टरबुजाच्या भाजलेल्या, खारवलेल्या बिया. दोन्ही काळ्या, दोन्ही चपट्या. कुठली कोणती, हे विचारायचं राहूनच गेलं.

पण त्यात काय कठीण? एका पुडीतल्या बियांना राख फासलेली होती. चुलीवर भाजल्या की राख लागणारच ना? त्या मी बसमध्ये खाल्ल्या. जरा कडूच होत्या, पण सासरच्या वस्तूला नावं कशी ठेवायची? सगळ्या संपवल्या. मग पोटानं असा काही इंगा दाखवला की विचारू नका! दोष अर्थातच स्टँडवरच्या कचोरीला दिला.

दुसऱ्या पुडीतलं बी कुंपणाच्या भिंतीलगत पेरलं. वर उसाचं पाचट पसरलं. रोज पाणी, रोज खत. उगवायचं नाव नाही!

"जवाई, बी उगनं का?" आबांचा फोन.

"उगेल हो आबा, जरा दमानं घ्या."

आणि एका सकाळी काय चमत्कार! पाचटातून थेट भिंतीच्या माथ्यापर्यंत हिरवागार वेल! लोकांचा कोंब बोटभर निघतो, माझा वेल एकदम पुरुषभर! म्हटलं, हाताला गुण आहे राव आपल्या.

मांडव घातला. गिलकी लटकायला लागली. सासरच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस पाडला. भिंतीपलीकडच्या यमुनामावशींना तर मी ताटली भरभरून गिलकी नेऊन द्यायचो. ताटली रिकामी परत द्यायची नाही ही आमच्याकडची रीत, म्हणून ताटली येताना ठेचा नाहीतर बेसनाच्या पातोड्या घेऊन यायची.

"मावशी, आमच्या वेलाची आहेत!"

"हो का दादा?" मावशी गिलक्यांकडे बघत राहायच्या. "गोड शेतस हं."

"तुम्हीही लावा ना! मी शिकवतो. वेलावर माया करावी लागते."

"करसू ना दादा."

शेवटी आबांना जेवायला बोलावलं. सोबत मेहुणे, सासूबाई, सगळी पंगत. माहेरून परतलेली माधुरी गिलक्याची भजी तळायला बसली. आबा मांडवाखाली उभे राहिले, वर बघून म्हणाले, "वा जवाई!" माझी छाती अशी फुगली!

पण शेतकरी माणूस! पीक बघायचं तर बुंध्यापासून. त्यांनी वाकून पाचट बाजूला केलं आणि वेलाचं टोक हातात घेतलं.

"जवाई, हाऊ ते शेंडा शे. मूळ कोठे शे?"

"असेल ना आबा, खालीच कुठेतरी..."

"खाले काहीच नही! हाऊ येल भीतवर चढी नही ऱ्हायना, भीतवरथून उतरी ऱ्हायना!"

तेवढ्यात भिंतीवरून यमुनामावशींचं डोकं वर आलं. "मूळ आठे शे भाऊ. आमना वाडामा."

म्हणजे मी त्यांचीच गिलकी तोडून त्यांनाच वाटत होतो! वर त्यांचा ठेचाही हाणत होतो!

"मावशी, मग बोलला का नाहीत?"

"कसं बोलू दादा? तुम्ही इतला हाऊसमा ताटली लई येत. तुमनं मन कसं मोडू?"

लाजेनं मेलो हो मी! पण हार मानेन तर शपथ! "आबा, मी काय करणार? तुमचं बीच पोचट निघालं!" असं म्हणत पेरून उरलेल्या बियांची पुडी आणून त्यांच्या हातात ठेवली.

आबांनी एक दाणा दाताखाली धरला. कुडुम! दुसरा टाकला. मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, "मीठ बरोबर शे."

आणि पुडी माझ्यापुढे धरली.

"जवाई, हाई ते टरबूजनं शे, भाजेल! मंग मन्हं गिलकानं बी कोठे गयं? किडा लागाले नको म्हनीसन मी राख लायी व्हती त्याले!"

राख! माझा हात आपोआप पोटावर गेला. माधुरीनं तो बघितला, आणि हातातला झारा टाकून तिथेच हसत बसली. दोन भजी करपली.

पंगतीत शेतकऱ्याचा मान यमुनामावशींना मिळाला. आणि आबांचा फोन? तो अजून येतो. फक्त आता विचारतात, "जवाई, पोटमा काही उगनं का?"