साडूंचा मुलगा सगळ्यांच्या आधी

माझ्या साडूंइतका बाप झालेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल. आपण बाकीचे मूल झालं की बाप होतो, पहिले काही आठवडे कौतुकात जातात, आणि मग झोप, ऑफिस, डायपर यांतून जे काही शिल्लक राहतं त्याला बाप म्हणायचं. साडूंनी मात्र बाप होणं नोकरीसारखं घेतलं, तेही बढतीच्या आशेने. माझी ओवी आणि त्यांचा ईशान महिन्याभराच्या आतच झाले. ओवी एकवीस दिवसांनी मोठी. हे एकवीस दिवस साडूंनी मला कधी माफ केले नाहीत.

पाचव्या दिवशी ईशान हसला म्हणून त्यांचा फोन. बाळाच्या पोटात वायू धरला की तोंड तसं होतं, असं मालीशवाल्या बाईंनी सांगितलं, तर त्यांनी बाईच बदलली. तिसऱ्या महिन्यात तो पालथा पडला. गादीला उतार होता हे मेहुणीनेच माझ्या बायकोला हळूच सांगितलेलं, पण साडू टेंभी नाक्यावरून पेढे घेऊन भर दुपारी आमच्याकडे मानपाड्याला हजर. ओवी गव्हाच्या पिशवीसारखी उताणी पडून पंख्याकडे बघत होती. साडूंनी तिच्याकडे इतक्या दुःखाने पाहिलं की मलाच अपराध्यासारखं झालं. "होईल हो, काळजी करू नका," म्हणाले. मी काळजी करतच नव्हतो. दोन दिवस झोप नव्हती, त्यामुळे काळजी करण्याइतकं त्राणही नव्हतं.

दात आला तेव्हा तर त्यांनी कमाल केली. हिरडीवर चमचा वाजवून बघतात ना, तसा त्यांनी वाजवला आणि तो आवाज मला फोनवर ऐकवला. मी एका हाताने ओवीला आंघोळ घालतोय, दुसऱ्या हातात फोन, डोळ्यांत साबण, आणि कानात टिक टिक. "ऐकलंत?" म्हणे. ऐकलं म्हटलं. "परत ऐका." परत ऐकलं. दाताचा आवाज चांगला आहे असंही कबूल केलं, कारण त्याशिवाय ते फोन ठेवत नाहीत हे मला तोवर समजलेलं.

मग रांगणं आलं. बाळाने उंबरठा ओलांडला की त्याचं कौतुक करायचं ही आपली जुनी रीत. पण साडू राहतात सातव्या मजल्यावर, बिल्डरने घरभर गुळगुळीत टाइल्स घातलेल्या, उंबरठा कुठून आणणार? तुम्ही-आम्ही पाटावरून नेलं असतं. साडूंनी सुतार बोलावून हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये चांगला चार बोटं उंच सागवानी उंबरठा बसवून घेतला. हळदकुंकू वाहिलं, पलीकडे खुळखुळा ठेवला, आम्हाला सगळ्यांना ओळीत बसवलं. ईशानने उंबरठ्यापर्यंत येऊन त्यावर डोकं टेकलं आणि तो झोपला. उंबरठा तिथेच राहिला. त्याला ठेचकाळून मेहुणीने दोनदा आमटी सांडली, माझ्या अंगठ्याचं नख गेलं, पण साडू तो काढू देईनात. आता दुसरं मूल होईल तेव्हा उपयोगी पडेल म्हणाले. मेहुणीने त्यांच्याकडे जे पाहिलं त्यावर मी काही लिहीत नाही.

बोलण्याच्या बाबतीत ते सगळ्यांच्या पुढे गेले. नवव्या महिन्यात ईशान "ब ब ब" म्हणाला, त्याचं साडूंनी "बाबा" केलं. वर्षाचा झाला तेव्हा वीस शब्द येतात म्हणायचे, दीड वर्षाचा झाला तेव्हा पन्नास. रोज व्हिडिओ यायचे. आमची ओवी दीड वर्षापर्यंत मठ्ठ बसून होती आणि मग एकदम सुटली. उठल्यापासून बाबा, बाबा, बाबा. दाढी करताना बाबा, फोनवर बोलताना बाबा, शेवटी मी कानात कापूस घालून जेवायला लागलो. साडूंना मात्र मी यातलं काही सांगितलं नाही, उगीच स्पर्धा नको. बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं, की त्यांच्या व्हिडिओंवर आता गाणी लावलेली असतात. ईशान चाक फिरवतोय, ईशान चाक फिरवतोय, आणि वर कुठलंतरी गाणं. त्याचा आवाज कशातच नव्हता.

दोघं दोन वर्षांचे झाल्यावर संक्रांतीला साडूंकडे बोरन्हाण केलं. काळे कपडे, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले, आणि सोसायटीतली पोरं तुटून पडली. ओवीने तर दुसऱ्याच्या खिशातलं बोर काढलं. ईशान मात्र त्या गोंधळात बसून एकेक बोर शेजारी शेजारी ठेवत होता. मेहुणीने हाक मारली, मी मारली, माझ्या बायकोने टाळी वाजवली. त्याने मान वर केली नाही. "एकाग्रता बघा," साडू म्हणाले.

आठवड्याने मेहुणीचा फोन आला. मुलांच्या वाढीच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. "जिजू, तुम्ही पण या. मागच्या डॉक्टरांना ह्यांनी पन्नास शब्द सांगितले आणि ते म्हणाले, मग कशाला आलात? माझे सहा महिने गेले हो. मी मध्ये बोलले की हे चिडतात. तुम्ही तरी खरं सांगा." मी जन्मात कधी कोणा बापाला खोटं पाडलेलं नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्य वाईट वाटत होतं.

डॉक्टर बाई शांत होत्या. हातात प्रश्नांचा कागद. हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का? "हो," साडू लगेच म्हणाले. मेहुणीने माझ्याकडे पाहिलं. नावाने हाक मारल्यावर बघतो का? साडू ईशानकडे वळले. ईशान खाली बसून खुर्चीचं चाक फिरवत होता. साडूंनी एकदा हाक मारली, परत मारली. मग चष्मा काढला.

"नाही बघत. आणि मघाचं पण खोडा. बोटाने दाखवत नाही, माझा हात धरून नेतो."

शब्द किती, बाईंनी विचारलं.

"एकही नाही."

पुढचे सगळे प्रश्न त्यांनी असेच सोडवले, एकदाही न वाढवता. मला एक शब्द बोलावा लागला नाही. बाई म्हणाल्या, या वयात आलात हे चांगलं झालं, सोमवारपासून सुरू करू. बाहेर जिन्यात साडूंनी मला थांबवलं. "साडूसाहेब, ओवी तुम्हाला हाक मारते ना? बाबा म्हणते?" म्हणते म्हटलं. "बरं वाटत असेल," ते म्हणाले. मी हो म्हटलं. माझीच मला लाज वाटली.

आता ईशान आठवड्यातून चारदा थेरपीला जातो. साडूंचे फोन कमी झालेत, मीच करतो, आणि ते मोजकं बोलतात. परवा मात्र त्यांचा स्वतःहून आला. "काल जेवताना त्याने माझ्याकडे बघितलं," म्हणाले. "जास्त नाही हं, एखाद-दोन सेकंद असेल."

मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, नीट सांगा, अगदी पहिल्यापासून सांगा.